सख्ख्या भावाचं जुळतं

प्रिय थेरॉन,

हे पत्र मी टाकणार नाहीये, तरी लिहिते.

माझा रक्ताचा कॅन्सर आता औषधांना दाद देत नाही. कुणाची तरी अस्थिमज्जा जुळायला हवी. म्हणून मागच्या रविवारी चर्चच्या तळघरात दाते नोंदवायला एक मुलगी आली होती. तळलेल्या मासळीच्या वासात, ठेवणीतल्या हॅट घालून आपल्या सगळ्या म्हाताऱ्या गालातला नमुना द्यायला रांगेत उभ्या. चाळिशीपुढचं कुणी चालत नाही म्हटल्यावर ओडेसा मावशी भडकली, "अगं पोरी, या हाडांनी सात बाळंतपणं काढलीत!" तरुण उरलंयच कोण इथे? सगळे अटलांटाला.

घरी आल्यावर डॅडी म्हणाले, "थेरॉनला लिही. सख्ख्या भावाचं जुळतं."

तू आंद्रेशी, डॅडींच्या भाषेत 'एका पुरुषाशी', लग्न केल्यापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव पहिल्यांदाच ऐकलं. मम्माच्या अंत्यविधीच्या पत्रकात 'मागे पती आणि एक मुलगी' असं छापून घेणारे हेच. मी म्हटलं, "लिहिते. पण आधी रविवारी व्यासपीठावरून, सगळ्यांसमोर त्याचं नाव घ्या. त्याची हाडं हवीत, तर तोही हवा."

"बरं," एवढंच म्हणाले.

आज मी मास्क लावून पहिल्याच बाकावर बसले होते. प्रवचन संपलं, तसा डॅडींचा, आपल्या पास्टरसाहेबांचा, आवाज भरून आला. म्हणाले, "माझ्या एकुलत्या एका लेकरासाठी प्रार्थना करा."

सगळं चर्च 'आमेन' म्हणालं. मी म्हटलं नाही.

तुझी धाकटी बहीण,
जोनेल