किनवटच्या चारशे बारा कागदांविषयी

मी, रेणुकादास व्यंकटेश बिलोलीकर, वय वर्षे ७६, निवृत्त प्राध्यापक (संगणकशास्त्र), राहणार नांदेड, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणी मला धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

ॲडव्होकेट रविकिरण यांनी मला दीड पानाचा छापील नमुना आणून दिला होता. तो मी परत केला, कारण माझ्याजवळ वाटायला थोडे आणि सांगायला जास्त आहे. “सर, कोर्टात हे वाचताना न्यायाधीश वैतागतील,” असे ते म्हणाले. मी विद्यार्थ्यांना छत्तीस वर्षे वैताग दिला, त्यात एका न्यायाधीशाची भर पडेल.

कलम १. नांदेड येथील राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. माझी पत्नी गोदावरी चार वर्षांपूर्वी वारली. माझ्यामागे हे घर मुलगा आलोक, राहणार हैदराबाद, आणि मुलगी राजश्री, राहणार लातूर, या दोघांना निम्मे निम्मे मिळावे. दोघांपैकी कोणी इथे येऊन राहील असे वाटत नाही, तेव्हा खुशाल विकावे. मात्र गच्चीचा जिना मध्येच अरुंद होतो, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. नकाशा मी स्वतः काढला होता आणि गवंड्याचे ऐकले नव्हते.

कलम २. बँकेतील ठेवीही दोघांना सारख्याच. गोदावरीच्या पाटल्या राजश्रीची मुलगी मनस्विनी हिला द्याव्यात. तिने त्या घालाव्यात असा आग्रह नाही. ती इंजिनिअरिंगला आहे आणि पाटल्या घालून कीबोर्डवर टाइप करता येत नाही, असे तिने मला सांगून ठेवले आहे.

कलम ३. माझी पुस्तके मी जिथे शिकवले त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला देऊ नयेत. १९९९ साली तिथे संशोधन नियतकालिकांचे वीस वर्षांचे बांधीव अंक ‘आता सगळे इंटरनेटवर मिळते’ असे म्हणून रद्दीत घातले गेले. त्या ठरावावर विभागप्रमुख म्हणून पहिली सही माझीच आहे, त्यामुळे हा राग नेमका कोणावर काढावा हे मला ठरवता आलेले नाही. तरीही पुस्तके देऊ नयेत.

कलम ४. कपाटाच्या खालच्या फळीवर ‘मिरची सल्लागार’ असे लिहिलेले फ्लॉप्यांचे खोके आहे. ते टाकून द्यावे. पण ते काय होते हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून लिहितो.

१९८७ साली मी मुंबईला एका परिषदेला गेलो. तिथे जो तो ‘एक्सपर्ट सिस्टीम’बद्दल बोलत होता. म्हणजे जाणकार माणसाजवळ बसायचे, त्याचे ज्ञान ‘असे असेल तर तसे समज’ अशा नियमांत उतरवायचे आणि ते नियम यंत्राला द्यायचे. जपानने त्यावर मोठी योजना काढली होती, दिल्लीहून अनुदाने मिळत होती, आणि व्यासपीठावरचे लोक सुरेख इंग्रजी बोलत होते. खरे शास्त्र ते हेच, असे मनाशी पक्के करून मी परतलो. धर्माबादच्या मिरचीवरील रोग ओळखण्यासाठी मी दोनशे ऐंशी नियम लिहिले. प्रात्यक्षिकाला ग्यानोबा नावाचे एक शेतकरी रोप उपटून घेऊन आले. यंत्राने विचारायला सुरुवात केली: पान वरून वळले आहे की खालून, डाग किती, कडेला की मधे. चौदाव्या प्रश्नाला ते उठून उभे राहिले.

“साहेब, रोप हाय की इथं. त्याला बघायला सांगा. मलाच काय इचारून राहिलंय ते?”

सगळे हसले, मीही हसलो. माझ्या कामावरचा सर्वांत नेमका अभिप्राय मी हसण्यावारी नेला आणि अहवालात ‘प्रात्यक्षिक यशस्वी’ असे लिहिले.

कलम ५. माळ्यावर हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी आहे. तिच्यात चारशे बारा कागद आहेत. ही पेटी माझी नाही.

ती शिवकांता मन्मथअप्पा धुळशेट्टे, राहणार जळकोट, जिल्हा लातूर, यांची आहे. १९८६ ते १९८९ अशी तीन वर्षे त्या माझ्या हाताखाली पीएच.डी.चे काम करीत होत्या. मी तेव्हा त्यांना ‘तू’ म्हणत असे. त्यांना यंत्राला हाताने काढलेले मराठी आकडे ओळखायला शिकवायचे होते, आणि तेही नियमांनी नव्हे, तर न्यूरल नेटवर्कने. यंत्राला उदाहरणे दाखवायची, ते चुकले की त्याच्या आतले आकडे किंचित हलवायचे आणि पुन्हा दाखवायचे, असे हजारो वेळा. हा रस्ता पुढे बंद आहे, हे वीस वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे, असे आम्हाला शिकवले गेले होते. त्यांनी १९८६ सालच्या एका नव्या लेखाची झेरॉक्स प्रत कुठून कुठून मिळवून माझ्या टेबलावर ठेवली होती. रस्ता पुन्हा उघडला आहे, असे त्यात होते. मी ती वाचली नाही. तिच्यावर चहाचा कप ठेवत असे.

उदाहरणे हवीत म्हणून शिवकांताबाई रेल्वेने किनवटला जात. तिथल्या जंगलातल्या एका गावात आश्रमशाळेचे वसतिगृह होते. प्रत्येक मुलाला चौकटीचा एक कागद देऊन त्यांनी दहाही आकडे काढून घेतले. तेव्हा आमच्याकडे स्कॅनर नव्हता. एकेक आकडा चौकटींत मोडून, भरलेली चौकट एक आणि रिकामी शून्य, असे त्यांनी महिनोन्महिने हाताने टाइप केले. यंत्र दोन दोन दिवस शिकत राही. वीज जाई म्हणून दर तासाला सगळे फ्लॉपीवर उतरवून ठेवत.

मार्च १९८९मध्ये त्यांनी मला ते चालवून दाखवले. यंत्राने कधी न पाहिलेल्या शंभर आकड्यांपैकी सत्त्याऐंशी ते बरोबर सांगत होते. प्रयोगशाळेत इतर विद्यार्थी होते. मी विचारले, “हा सात आहे असे त्याला का वाटले? नियम दाखव.”

“नियम न्हाई सर त्यात. बघून बघून शिकलंय ते. आपल्याला तरी कुठं नियम सांगता येतोय सातचा?”

चारचौघांत विद्यार्थिनीने मलाच उलट प्रश्न केला याचा मला राग आला. जे स्वतःचे कारण सांगू शकत नाही ते शास्त्र नव्हे, असे मी मोठ्या आवाजात सांगितले आणि प्रबंधाच्या आराखड्यावर सही केली नाही. विषय बदल, नाहीतर मार्गदर्शक बदल, असे म्हणालो. या विषयाचा दुसरा मार्गदर्शक जवळपास नव्हता, हे मला माहीत होते. वडील मन्मथअप्पा जळकोटहून एसटीने आले, तर त्यांना मी तास संपेपर्यंत व्हरांड्यात बसवून ठेवले. “लेकरानं लई मेहनत केलीय साहेब,” एवढेच ते म्हणाले. शिवकांताबाई त्यानंतर जळकोटला शाळेत गणिताच्या शिक्षिका झाल्या. पेटी प्रयोगशाळेतच राहिली.

कलम ६. हे कलम वकिलांनी कच्च्या मसुद्यातून दोनदा गाळले आणि मी दोनदा परत घातले.

पुढे चार-पाच वर्षांत एक्सपर्ट सिस्टीमची हवा गेली. अनुदाने आटली, जपानची योजना गुंडाळली गेली, आणि परिषदांमधून तेच सुरेख इंग्रजी बोलणारे लोक न्यूरल नेटवर्कबद्दल बोलू लागले. मग मीही बोलू लागलो. माझी प्राध्यापकपदाची मुलाखत जवळ आली होती. १९९६ साली मी हिरवी पेटी उघडली, कागद स्कॅन केले आणि हस्तलिखित मराठी आकड्यांवर एकट्याच्या नावाने लेख प्रसिद्ध केला. प्रत्येक कागदाच्या वरच्या पट्टीवर ‘संकलन: शि. म. धुळशेट्टे’ असे लिहिलेले होते. मी चारशे बारा पट्ट्या कात्रीने कापून टाकल्या. स्कॅनिंगला अडथळा होतो, असे शिपायाला सांगितले. स्कॅनरच्या काचेवर अख्खा कागद मावत होता, हे मला तेव्हाही दिसत होते.

मी प्राध्यापक झालो. दोन वर्षांनी इंटरनेटची लाट आली तेव्हा मी तेही काम सोडून तिकडे गेलो. म्हणजे जे चोरले तेसुद्धा मी नीट सांभाळले नाही. माझ्या पिढीतले काही लोक, हसू होत असताना आणि पैसा नसतानाही, एकाच गोष्टीला धरून बसले. आज जगभर जे चालले आहे ते त्यांच्यामुळे. शिवकांताबाई तशा होत्या. मी तसा नव्हतो आणि मी त्यांनाही तसे राहू दिले नाही. याची मला लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी मनस्विनीने माझ्या हातची वाणसामानाची यादी फोनसमोर धरली आणि फोनने ती धडाधडा वाचून दाखवली, माझ्या वाकड्या ‘साबुदाण्या’सकट. “आजोबा, नियम कुणी लिहीत नाही आता. उदाहरणं दाखवतात,” असे ती मला समजावून सांगत होती. मी उठून आत गेलो.

एवढे होऊनही गेल्या वर्षी महाविद्यालयाने मला शाल आणि मानपत्र दिले. ‘काळाच्या पुढे पाहणारे, मराठवाड्यातील न्यूरल नेटवर्कचे आद्य संशोधक’ असा त्यात मजकूर होता. मी उभा राहिलो, नमस्कार केला आणि ते घेतले. घरी आल्यावर १९९६च्या लेखाची दुरुस्ती लिहून पाठवली. ते नियतकालिक केव्हाच बंद पडले आहे, असे पत्र आले. दुरुस्ती छापायला आता कुठे जागाच उरलेली नाही, म्हणून ती इथे करतो: सदर लेखातील काम, कल्पना व सर्व नमुने शिवकांता मन्मथअप्पा धुळशेट्टे यांचे आहेत. माझे फक्त नाव आहे.

माझ्या शोकसभेत कोणी मला आद्य संशोधक म्हणू लागले, तर आलोकने उठून हे कलम मोठ्याने वाचावे. त्याला सभेत बोलायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. त्याने तो एकदा गिळावा.

कलम ७. हिरवी पेटी, तिच्यातील कागद आणि त्या लेखाचे सर्व हक्क शिवकांताबाईंना द्यावेत.

कलम ८. शेजारी बालाजीराव यांनी २०११ साली नेलेली ॲल्युमिनियमची शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. मात्र ती आपण हैदराबादहून आणली, असे त्यांनी लोकांना सांगू नये.

सही करण्यापूर्वीची नोंद. आज राजश्री शिवकांताबाईंना जळकोटहून गाडीने घेऊन आली. त्यांच्यासमोर आणि साक्षीदारांसमोर मी हे सर्व वाचून दाखवले. बालाजीराव साक्षीला आले होते. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष करू नये, पुढे वाद निघतो, असे वकिलांनी सांगितले. बालाजीरावांनी थोडा विचार करून शिडी पत्करली आणि ते घरी गेले. एका साक्षीदाराची जागा रिकामी राहिली.

शिवकांताबाईंनी पेटी उघडून एक कागद बाहेर काढला आणि वरच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवले.

“माझं नाव ऱ्हाऊ द्या सर. पोरांची नावं कुठं हायत?”

मला कळले नाही. त्यांनी सांगितले, त्या पट्टीवर आधी मुलाचे नाव, इयत्ता आणि गाव होते. त्यांचे स्वतःचे नाव त्याखाली, बारीक अक्षरात. तुमच्या हातचा आकडा मशीन शिकणार हाय, असे त्यांनी प्रत्येक मुलाला सांगितले होते. एका मुलीने नाव चुकले म्हणून दुसरा कागद मागून घेतला होता. मी पट्ट्या कापताना फक्त खालची ओळ वाचली होती. चारशे बारा नावे मी न वाचता टाकून दिली, आणि आता ती कोणालाच आठवत नाहीत. त्यांनाही नाही.

“शिवकांताबाई, पेटी तुम्ही घेऊन जा,” मी म्हणालो. “मी मरेपर्यंत थांबू नका.”

“न्हाई सर. काय करू घेऊन? ते काम करायचं वय होतं तव्हा केलं.” मग वकिलांकडे वळून त्या म्हणाल्या, “मी साक्ष केली तर मला काही भेटणार न्हाई ना?”

“मिळू नये, बाई. तेच ठीक.”

“मग द्या पेन.”

त्यामुळे कलम ७ रद्द करतो. पेटी मनस्विनीला द्यावी. तिने हे नमुने कोणालाही वापरू द्यावेत, पण जिथे वापरले जातील तिथे ‘संकलन: शिवकांता मन्मथअप्पा धुळशेट्टे’ असे लिहावे, आणि त्याच्या वर, मोठ्या अक्षरात, ‘किनवट तालुक्यातील वसतिगृहाची चारशे बारा मुले, यांची नावे रेणुकादास बिलोलीकर यांनी कापून टाकली’ असे लिहावे.

मृत्युपत्राच्या अंमलबजावणीची जबाबदारी राजश्रीवर सोपवतो. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. खाडाखोड तीन ठिकाणी आहे, तिथे आद्याक्षरे घातली आहेत.

ठिकाण: नांदेड
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) रेणुकादास व्यंकटेश बिलोलीकर

साक्षीदार १: मुकुल दत्तात्रय कंधारकर, वय ५२, औषध दुकानदार, नांदेड. लिहून देणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार २: शिवकांता मन्मथअप्पा धुळशेट्टे, वय ६१, निवृत्त शिक्षिका, जळकोट. सही माझ्यासमोर झाली. कलम ६ मधील मजकूर खरा आहे. माफ केले की नाही, ते या कागदात लिहिण्याची गरज नाही. (सही)