थाळीवरचा आळ

कमलताईंना नमस्कार,

काल बुऱ्हाणपूरला डॉक्टरीणबाईंनी हर्षूला तपासलं. सात वर्षांचा झाला तरी हाकेला थांबत नाही, चिडला की स्वतःचाच हात चावतो, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाळ पोटातच गुदमरलं होतं. मेंदूला प्राणवायू कमी पडला."

म्हणजे घरात जन्मलेलं पोर रडेना म्हणून तुम्ही त्याच्या कानाशी थाळी वाजवलीत, त्यानं काहीच बिघडलं नव्हतं. सासूबाई मात्र अजून म्हणतात, "कमलनं थाळी बडवली आन् पोराचं डोकं फिरलं." त्या बोलण्यापायी तुम्ही माहेरी येणं सोडलंत.

तुम्हाला हे कळवायलाच हवं. पण मग तुम्ही विचाराल, बाळ गुदमरलं कशानं? आणि तो दिवस आठवेल. मला पहाटेपासून कळा येत होत्या, आणि तुमचे भाऊ म्हणत होते, "केळीची गाडी भरली की दवाखान्यात निघू."

काल डॉक्टरीणबाई बोलत असतानाच ते उठून बाहेर गेले. घरी आल्यावर त्यांनी हर्षूला स्वतःच्या हातानं भरवलं. जेवले मात्र नाहीत.

ताई, हे पत्र मी टाकणार नाही. थाळीचा आळ अजून थोडे दिवस तुमच्यावरच राहू द्या.

तुमची भावजय,
पूनम