मालक क्रमांक ५१३

१ ऑगस्ट
ताइचुंगला पोहोचले आणि त्याच दुपारी कामावर रुजूही झाले! गावाहून, फांगयुआनहून निघताना आईने कालवांच्या भज्यांचा डबा दिला होता. तो बसमध्येच संपवला. पहिल्याच दिवशी ऑफिसात कालवांचा वास नको. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. आईला अजून बसवरचा आकडासुद्धा ओळखता येत नाही. खाडीच्या चिखलातली आमची कालवांची पट्टी तिच्या एका अंगठ्यापायी गेली. कागदावर काय लिहिलंय ते तिला भलतंच सांगितलं होतं. तेव्हापासून घरात एकच नियम आहे, वाचल्याशिवाय कशावरही नाव द्यायचं नाही. आज नेमणुकीचा कागद मी तीनदा वाचला. लिआओ साहेब घड्याळ बघत राहिले, पण रागावले नाहीत.

कंपनी लिफ्ट बसवते आणि सांभाळते. मुख्य संगणकावर कुणाला काय करता यावं, हे बघणं माझं काम. प्रत्येक फाइलला एक मालक असतो. मालकाला काय करता येईल, त्याच्या गटातल्यांना काय, उरलेल्या जगाला काय, हे वेगवेगळं ठरवायचं. वाचणं, लिहिणं, चालवणं. फोल्डर असेल तर आत शिरणं. कॉलेजात पोरींना हे रुक्ष वाटायचं. मला नाही वाटलं कधी. आईच्या त्या कागदाला अशी एखादी कडी असती तर, असंच मनात यायचं.

सर्व्हरच्या कपाटावर हिरव्या पुड्या मांडल्यात, खोबऱ्याच्या चवीच्या कुरकुऱ्यांच्या. त्या ठेवल्या की यंत्र शहाण्यासारखं वागतं, असं इथे सगळेच मानतात. पुडी हिरवीच हवी आणि तिची तारीख उलटता कामा नये. मी नीट बघायला एक उचलली, तर शेजारच्या टेबलावरच्या गाओताई म्हणाल्या की, पुन्हा हात लावलास तर बोटं मोडीन. गंमत केली असावी.

३ ऑगस्ट
खातं मिळालं. यंत्राला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. नाव ही आपल्या सोयीसाठी वर लावलेली पाटी. माझा आकडा ५१३. खाली माझं नाव, जान युन-रू. सगळ्यांची नजर चुकवून मी पडद्यावरच्या नावावर बोट फिरवलं.

दुपारी जेवायला कुणी बोलावलं नाही. लिआओ साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की, आपल्याकडे कालववाली आलीय, आता खिडक्या उघड्या ठेवा रे. हशा पिकला. मीही हसले. मग मोरीत जाऊन हात दोनदा धुतले.

८ ऑगस्ट
एक चूक सापडली. माझी नव्हे, पण नाव माझं आहे.

'दोर' नावाच्या फोल्डरमध्ये दीड-दोनशे तपासणी अहवाल आहेत, शहरभरच्या लिफ्टच्या पोलादी दोरांचे. सगळ्यांची मालक मी! तारखा जानेवारी ते मार्चच्या. तेव्हा मी परीक्षा देत होते.

गाओताईंना विचारलं. नखं रंगवता रंगवता त्या म्हणाल्या की, त्यात एवढं डोळे फाडण्यासारखं काय आहे, आधीच्या माणसाचा आकडा रिकामा होता, तो तुला दिला. साहेबांची ती पद्धतच आहे, रिकामी खुर्ची कुणी फेकून देतं का? मी सांगितलं, ही पद्धत चुकीची आहे. माणसाचं खातं पुसलं तरी त्याच्या फाइलींवर त्याचा आकडा तसाच राहतो. तोच आकडा दुसऱ्याला दिला की त्या सगळ्या फाइली दुसऱ्याच्या होतात. त्या म्हणाल्या की, मग झाल्या तुझ्या, तोंड गोड कर आमचं.

फाइलीची मालकी फक्त मुख्य खात्यातून बदलता येते. मुख्य खातं साहेबांकडे. त्यांना लेखी विनंती केली. ते म्हणाले की, आठ दिवस झाले नाहीत तर मला शिकवायला लागली.

म्हणून मी अहवाल वाचायला बसले. वाचल्याशिवाय नाव द्यायचं नाही. आणि नाव तर दिलं गेलंय.

१३ ऑगस्ट
आजपासून चांद्र पंचांगाचा सातवा महिना. भुतांना सुट्टी, महिनाभर ती माणसांत फिरतात. आई फोनवर म्हणाली की, उन्हं उतरल्यावर कुणी मागून पूर्ण नावाने हाक मारली तर वळू नकोस.

सगळे अहवाल वाचून झाले. प्रत्येकात शेवटी एक शब्द असतो, 'ठीक' किंवा 'बाद'. आज 'ठीक' दिसणाऱ्या अहवालांमागची जुनी प्रत अजून साठवणीत आहे. निम्म्या ठिकाणी जुन्या प्रतीत 'बाद' आहे. कुणीतरी मे महिन्यात शब्द बदललाय. मुख्य खात्यातून बदललं तर मालक तसाच राहतो, म्हणजे खोटं साहेबांनी लिहिलं आणि मालक राहिला ५१३.

तीस तारखेला सरकारी तपासनीस येणार आहेत. ते मालकाचं नाव बघतील.

आधीच्या माणसाचं नाव पेंग गुओ-लियांग. बदली झाली असेल असं मी धरून चालले होते. गाओताई जिन्यात सापडल्या तेव्हा विचारलं. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग म्हणाल्या की, मेला तो, एप्रिलमध्ये, इथेच, आपल्याच लिफ्टच्या टपावर उभा राहून तपासत होता. स्वतःच दोर बाद ठरवून गेला होता. आपली ही एकच लिफ्ट संगणकाला जोडलेली, 'बाद' लिहिलं की थांबते; कुणीतरी तेवढ्यात 'ठीक' करून ती सोडली आणि तो वर चिरडला. कुणी, ते विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या की, तुला हे सांगितलं असं कुठे बोललीस तर मी तुला ओळखतच नाही.

मेलेल्या माणसाची चप्पलसुद्धा त्याला विचारल्याशिवाय कुणी घालत नाही. मला त्याचा आकडा दिला. त्याला कुणी विचारलं नाही.

१६ ऑगस्ट
एका रुग्णालयाच्या लिफ्टचा अहवाल 'ठीक'चा पुन्हा 'बाद' झाला. बदल करणाऱ्याचं नाव: जान युन-रू. वेळ दुपारच्या जेवणाची. मी तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात नूडल्स खात होते. दुकानदारीण साक्षीला आहे.

साहेबांनी सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणाले की, बाईसाहेबांना सत्यवादी व्हायचंय. पुन्हा हात लावलास तर पोलिसांना सांगेन की सगळे अहवाल हिनेच बिघडवले, नाव तर तुझंच आहे ना त्यावर? मी म्हणाले, मी केलं नाही. ते म्हणाले की, मग काय भुताने केलं? त्यावर कुणी हसलं नाही. या महिन्यात ते नाव कुणी काढत नाही. साहेबांचा चेहराही क्षणभर पडला.

त्यांनी मुख्य खात्यातून पुन्हा 'ठीक' केलं. मी पासवर्ड बदलला.

२० ऑगस्ट
आज बारा अहवाल. पडद्यासमोर बसून पाहिलं. भरदुपारी, सगळे दिवे चालू, शेजारी माणसं. फाइल आपोआप उघडली, 'ठीक' एकेक अक्षराने पुसलं गेलं. मग जरा थांबलं, माणूस चष्मा वर करतो तेवढं. मग 'बाद'.

माझे हात मांडीवर होते.

गाओताईंनी मागून पाहिलं. थोड्या वेळाने माझ्या टेबलावर एक हिरवी पुडी आणून ठेवली. यंत्राजवळ नाही. माझ्यासमोर, मी बसते तिथे.

राजीनामा लिहिला. साहेबांनी फाडला. म्हणाले की, तीस तारखेपर्यंत तू कुठे जात नाहीस, तपासनिसांना दाखवायला कुणीतरी लागेल ना, पोरी.

२७ ऑगस्ट
आज पौर्णिमा, भुतांसाठी पान वाढायचा दिवस. इमारतीसमोर टेबलं मांडली, कोंबडी, डुकराचं मटण, शीतपेयांचे डबे, भुतांना तोंड धुवायला घमेलं आणि नवा टॉवेल. साहेबांनी मूठभर उदबत्त्या लावल्या. पेंगचं नाव कुणी घेतलं नाही.

सगळे पांगल्यावर मी पेंगला कौल लावला. खालच्या देवळातून अर्धचंद्राचे दोन लाकडी तुकडे मागून आणले होते. एक पालथा, एक उताणा पडला तर हो. दोन्ही पालथे तर नाही. दोन्ही उताणे तर तो हसतोय.

विचारलं, तुमच्या फाइली परत घ्याल का? नाही.
विचारलं, मी घरी जाऊ का? नाही. पुन्हा विचारलं. नाही.
विचारलं, अहवाल खरे राहावेत एवढंच हवंय का? हो. पुन्हा टाकले, हो. तिसऱ्यांदाही हो. लागोपाठ तीन म्हणजे वचन, ते मोडता येत नाही. मी म्हणाले की, मग माझ्या नावाखाली मी खोटं राहू देणार नाही.

तुकडे उचलायला वाकले. तोवर ते दोन्ही उताणे झाले होते.

२८ ऑगस्ट
सकाळी सगळ्या अहवालांना कडी घातली. लिहिण्याचा हक्क फक्त मालकाला. मला माहीत होतं की साहेबांना याने काही अडत नाही. मुख्य खात्याला कुठलीच कडी लागत नाही, हे पहिल्या वर्षी शिकवतात. निदान माझ्या बाजूने तरी कडी असावी.

साहेब बसले. 'ठीक' लिहायला गेले. पडद्यावर आलं: परवानगी नाही.

पुन्हा. परवानगी नाही. यंत्र बंद करून चालू केलं. परवानगी नाही. त्यांच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसत होता. असं होऊच शकत नाही. हे मी त्यांना सांगितलं, घाबरून सांगितलं, पण त्यांना वाटलं मी हिणवतेय. त्यांनी माझा कीबोर्ड भिंतीवर आपटला.

बदललेले सगळे अहवाल आता पुन्हा 'बाद' आहेत, जसे त्याने लिहिले होते तसे. फक्त एक सोडून. आपल्याच इमारतीच्या लिफ्टचा. ज्यात तो गेला. तो अजून 'ठीक'. मी दुरुस्त करायला गेले.

परवानगी नाही.

मालक मी आहे.

२९ ऑगस्ट
साहेबांना आणि गाओताईंना सांगितलं, लिफ्ट वापरू नका, जिन्याने जा. त्याने एकच अहवाल 'ठीक' ठेवलाय, कशासाठी ठेवलाय ते कळत नाही. साहेब म्हणाले की, तुला कळत नाही ते पुष्कळ आहे. गाओताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या की, आठ मजले चढून माझा दमा तू भरून देणार का?

माझं कार्ड आता सगळी दारं उघडतं. तिजोरीच्या खोलीचं. साहेबांच्या केबिनचं. मी मागितलं नव्हतं. त्यांचं कार्ड मोरीचंही उघडत नाही. त्यांना दार उघडून द्यायला मला उठावं लागतं, आणि प्रत्येक वेळी ते माझ्याकडे असे बघतात की—

आईला फोन केला. तिला काही सांगितलं नाही. ती म्हणाली की, तुझं नाव आता ऑफिसच्या कागदावर येतं ना, एकदा मला बोटाने दाखव.

३० ऑगस्ट
तपासनीस खाली आलेत. त्यांना घ्यायला साहेब आणि गाओताई लिफ्टने निघाले. मी जिन्याकडे हात केला. साहेबांनी थुंकल्यासारखं केलं.

पाचव्या मजल्याच्या खाली लिफ्ट थांबली. अहवाल 'बाद' झालाय. बाद झाला की ही लिफ्ट जागीच थांबते, तशीच व्यवस्था आहे. बदल करणारी: जान युन-रू.

लिफ्टच्या आतला फोन माझ्या टेबलावर वाजला. साहेब ओरडताहेत की, 'ठीक' लिही, लिफ्ट खाली येईल, तुझ्याशिवाय कुणाला लिहिता येत नाही. मी विचारलं, दोर बदललाय का? एप्रिलनंतर बदललाय का?

साहेब म्हणाले की, नाही बदलला. दोघांचं वजन ते काय असणार, एवढं तोलेल.

अग्निशमनला फोन केला. निघालेत. चौकात मिरवणूक आहे.

गाओताईंचा दम्याचा फवारा इथे त्यांच्या टेबलावर राहिलाय. फोनवर त्यांचा श्वास ऐकू येतोय. शिट्टीसारखा. मध्येच थांबतो.

पाचव्या मजल्यावर जाऊन आले. दाराला कार्ड लावलं. फटीतून फक्त भिंत दिसते, आणि वरून लोंबणारा दोर. त्यातल्या तारा सुटून केसांसारख्या पिंजारल्यात. मी पाहिलं. आता वाचलंय मी.

परत येऊन हे लिहितेय, कारण काहीतरी खरं लिहिल्याशिवाय हात थांबत नाहीत—

'ठीक' लिहिलं तर खोटं, आणि लिफ्ट त्या दोरावर सुटेल. नाही लिहिलं तर गाओताई—

साहेब रडताहेत. म्हणतात की, पोरी, बाई, माझ्या आई, लिही. एप्रिलमध्ये मीच लिहिलं होतं, हेच ऐकायचंय ना तुला? ते मला सांगत नाहीयेत, हे मला कळतंय.

लिहिणार नाही. अग्निशमनच्या गाडीचा आवाज येतोय. कोपऱ्यावर. गाओताई, थोडं थांबा, आलेत, मी लिहिणार नाही, थोडं—

पडद्यावर फाइल उघडलीय.

मी नाही. माझा एक हात फोनवर आहे, दुसरा या वहीवर. 'बाद' पुसलं जातंय. एकेक अक्षर. मग थांबलं, चष्मा वर केल्यासारखं—

'ठी

नाही. नाही, मी मालक आहे, मी नाही म्हणते, परवानगी ना—

'ठीक'. खाली माझं नाव.

लिफ्ट चालू झाली. फोनवर साहेब हसताहेत, म्हणताहेत, शाबास, पोरी, शा