साहेबाचा नारळ

बाबा, तुम्हाला जाऊन आठ वर्षं होत आली आणि आज मी पहिल्यांदा तुम्हाला सरळ विचारायला बसलोय. तुम्ही होतात तेव्हा माझं पत्र तुम्हाला शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे, आणि मास्तरांच्या पोटात काही राहत नसे, म्हणून विचारायचं ते कधी लिहिलंच नाही. आता मधे कोणी नाही. चौथी शिकलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घ्या. विचारायचं एवढंच आहे की आपल्या घरातली साहेबाची पेटी साहेबाने दिलेली, की आपण चोरलेली?

रागावू नका. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. मी इथे बहारीनला ज्या गोऱ्या इंजिनियरची गाडी चालवतो तो जहाजदुरुस्तीच्या गोदीत आहे, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. सकाळी त्याला गोदीत सोडायचं, मग मॅडमला घेऊन मनामाच्या बाजारात. एक दिवस मुहर्रकच्या पुलावर मॅडमने विचारलं, तुझं गाव कुठलं? मी रत्नागिरी म्हटलं, कारण दापोली कोणाला ठाऊक असते? तर म्हणाली, रत्नागिरीत कुठे? दापोली म्हटल्याबरोबर ओरडली, "स्टॉप! स्टॉप द कार!" मी म्हटलं, "मॅडम, ब्रिज मफी स्टॉप, पोलीस." मफी म्हणजे नाही, इथे आल्यावर शिकलेली अरबी. पूल संपल्यावर गाडी बाजूला घेतली, तर चोर सापडल्यासारखी माझ्याकडे बघत होती. हळूहळू, माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीला समजेल असं तिने सांगितलं. तिच्या आजोबांचे आजोबा सर्जन होते, दापोलीच्या कॅम्पात. तिकडे ऑस्ट्रेलियात मातीत सोनं सापडलं, सगळं जग धावलं, तसा हाही नोकरी सोडून धावला. ही बाई त्याचं सगळं आयुष्य जुळवत बसली होती. ह्या मावशीला पत्र, त्या कचेरीला पत्र, कुठल्या तरी कबरीचा फोटो. मला म्हणाली, तुमच्याकडे एखाद्या इंग्रज डॉक्टरची काही गोष्ट सांगतात का?

बाबा, मी नाही म्हटलं. जीभ आपोआप नाही म्हणाली. सव्वाशे वर्षांनी माणूस उगाच विचारायला येत नाही, काहीतरी मागायला येतो, असं मला वाटलं. आणि आपल्याकडे मागण्यासारखं होतं.

तुम्ही सांगायचात ती गोष्ट मला पाठ आहे. तुमचे पणजोबा रोज कॅम्पात साहेबाची दाढी करायला जात. हात हलका म्हणून साहेबाने त्यांना गळू फोडायला शिकवलं, रुतलेला काटा काढायला शिकवलं, आणि मुलूख सोडून निघाला तेव्हा आपल्या हत्यारांची पेटी हातात ठेवून गेला. तेव्हापासून आपण साहेबाचे न्हावी. तुम्हीही गळू फोडायचात, त्याच पेटीतल्या नस्तराने, आधी समईवर तापवून, आणि दुखणाऱ्याला शिव्या घालत: "मेल्या, बायकोसमोर वाघ, हितं कसला रडतंस?" तो हसला की त्या क्षणी नस्तर आत. दसऱ्याला आपले वस्तरे, कात्री, नखं काढायची नराणी सगळं धुऊन मांडायचं आणि शेजारी वेगळ्या पाटावर साहेबाची पेटी. आपल्या हत्यारांना एक नारळ आणि साहेबाला एक. पुढे तुम्ही हात जोडून गाऱ्हाणं घालायचात, "बा साहेबा, काय चूकभूल झाली असंल ती पायाखाली घाल." मी लहानपणी विचारलं होतं, साहेब देव आहे का? तुम्ही म्हणालात, "देव न्हाय, पन हत्यार त्याचा हाय." आणि त्या एका वैशाखात मी पेटीतलं नस्तर काढून कैरी चिरली, तेव्हा तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलंत. "ही हत्यारं आपली न्हायत," म्हणालात. "आपल्याकडं हायत."

आपली नाहीत तर कोणाची? हा प्रश्न मी कित्येक वर्षं विसरलो होतो. मग मॅडमच्या मावशीकडून पाकीट आलं.

त्यात साहेबाने सोन्याच्या खाणींवरून आपल्या बापाला लिहिलेल्या पत्राची नक्कल होती. मॅडमने मला ती दिली, म्हणाली, तुझ्या गावाबद्दल आहे, कोणाकडून तरी वाचून घे. गोदीच्या स्टोअरमध्ये पुण्याचे एक साहेब आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, दोनदा वाचलं आणि हसायला लागले. "अरे, हा म्हणतोय की याच्या वडिलांनी घेऊन दिलेली हत्यारांची पेटी निघायच्या आदल्या दिवशी चोरीला गेली. आणि संशय कोणावर, माहितीये? दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यावर." मग माझं तोंड बघून म्हणाले, "का रे, तुझ्या नात्यातला होता की काय?" मी म्हटलं, "नाय साहेब, आमच्याकडे कसला इंग्रज." दुसऱ्यांदा खोटं बोललो.

त्यानंतर सगळं उलटं दिसायला लागलं. नारळ म्हणजे भीती असणार. चूकभूल म्हणजे चोरीच. झाकणावर पितळेची पट्टी आहे, तिच्यावर एक अक्षर शिल्लक नाही. ते कोणीतरी मुद्दाम घासून काढलेलं असणार, खूण राहू नये म्हणून. गाडी चालवताना मी तुमच्यावरच पाळत ठेवत होतो, बाबा. तुम्ही एखाद्या पाहुण्याला पेटी दाखवायला टाळलीत का? मास्तरांनी पट्टी बघायला मागितली तेव्हा तुम्ही विषय का बदललात? मेलेल्या माणसावर संशय घेणं फार सोपं असतं, तो मधे बोलत नाही.

आणि मग मॅडम म्हणाली, सुट्टीत आम्ही इंडियाला जातोय, मी दापोली बघणार, तुझ्या घरी चहा घेणार. माझ्या हातातलं स्टिअरिंग गरम झालं. आपला थोरला कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. गोरी बाई दारात आली की आधी पेटी आणून पुढ्यात ठेवील आणि अख्ख्या वाडीला बोलावील. मी त्याच दिवशी पोस्टात जाऊन थोरल्याला पत्र लिहिलं, "पेटी माळ्यावर टाक, कोणी विचारलं तर तसलं काही नाही म्हण." पत्ता लिहिला, चिकटवलं, पोस्टाच्या पेटीत टाकायला हात पुढे केला आणि अडलो. लपवली म्हणजे चोरलीच. आजपर्यंत आपल्या घरात कोणी ती लपवली नव्हती. चोर चोरीचा माल दसऱ्याला ओटीवर मांडून वाडीला तीर्थ-प्रसाद वाटतो का?

पट्टीचं कोडं तिथेच सुटलं. आईची अन्नपूर्णा आठवली. चिंच-राखेने घासून घासून तिचं नाक गेलंय, डोळे गेलेत. चार पिढ्या दर दसऱ्याला साहेबाची पट्टी तशीच घासली. नाव आपणच पुसलं, पण मान देता देता. साहेबाची एकच खूण होती ती, आणि तीच आपण घासून टाकली.

पण साहेबाच्या पत्राचं काय? मी पुन्हा पुण्याच्या साहेबांकडे गेलो आणि म्हटलं, शब्दन् शब्द सांगा. ते वैतागले, "कोर्टात केस लावतोस काय?" पण वाचलं. त्या दिवशी पाऊस होता. मागच्या दाराची कडी सैल होती. कुत्रा, जो एरवी पानाच्या आवाजाला भुंकतो, तो भुंकला नाही. टेबलावर अर्धा प्याला चहा तसाच होता. एवढं सगळं. कुत्र्याचं मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं, कारण हे असं पत्र मी ओळखत होतो. ज्याचं खरंच चोरीला जातं तो म्हणतो, गेलं. कुत्र्याचं आणि चहाचं सांगत बसत नाही. बापाने हौसेने घेऊन दिलेली हत्यारं दुसऱ्याला देऊन माती खणायला निघालो, हे बापाला कुठल्या तोंडाने लिहिणार? सर्जन राहायचं नव्हतं त्याला. त्याला पुन्हा कोणी डॉक्टर म्हणू नये, असं काहीतरी असणार.

मॅडमला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. मी गाव सोडताना तुम्ही साहेबाच्या पेटीतलं एक नस्तर दिलं होतंत, ते माझ्या ट्रंकेत होतं, फडक्यात गुंडाळलेलं, ते तिच्या हातावर ठेवलं. पेटी आमच्या घरी आहे, म्हटलं. चोरलेली नाही, दिलेली आहे. तिने नस्तर उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाली, "बट ही रोट इट वॉज स्टोलन. तू कसं सांगतोस?" मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडे त्याच्या नावाने नारळ ठेवतात." तिला पटलं की नाही कळलं नाही. नस्तर तिने मला परत दिलं, पण देताना हात जरा थांबला, तेवढं मला दिसलं. थोरल्याला मी नवीन पत्र टाकलंय: बाई येईल, पेटी दाखव, आणि नारळ तिच्या हातून ठेव. पुढे काय व्हायचं ते होईल. पेटी मागितली तर मागू दे, आपली नाहीच म्हणायचात ना तुम्ही.

तिला मी दुसरं कारण सांगितलं नाही. ते तुम्हाला सांगायला हा कागद काढलाय, आणि लिहून झाला की तो नस्तराखाली ट्रंकेत जाईल, दुसरीकडे कुठे पाठवणार? तुम्ही मला निघताना नवी धोकटी भरून दिली होतीत. दोन वस्तरे, कात्री, दगड, वाटी. "परमुलखात हात उपाशी राहाणार न्हाय," म्हणालात. मुंबईत गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीत व्हिसाची वाट बघत होतो तेव्हा बरोबरची पोरं मला "ए हजाम, आमची दाढी उरक" म्हणायची. मला गाडी चालवायची होती. मग मी तुम्हाला लिहिलं की धोकटी चोरीला गेली. एस.टी. स्टँडवर नळाशी तोंड धुवायला वाकलो होतो, शेजारी लाल मफलरवाला माणूस बसला होता, त्याच्या हातात अर्धं खाल्लेलं केळं होतं. तुम्ही मास्तरांकडून उलट लिहून पाठवलंत, "जाऊ दे. घेणाऱ्याची चूल पेटंल. यंदा तुझ्या धोकटीचाही नारळ ठेवला."

बाबा, धोकटी मी फुटपाथवर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या न्हाव्याच्या मांडीवर ठेवून आलो होतो. तो लाल मफलरवाला माणूस कधी नव्हताच.