तळ्याकाठचे आठ दिवस

८ मार्च, रविवार
डब्लिनजवळच्या ओंगारला, लेकीकडे, येऊन आठवडा झाला. जेट लॅग गेला, थंडी नाही गेली. ओवी (वय महिने नऊ, दात अडीच) आता मला बघून रडत नाही. मृण्मयी म्हणाली, "चला आई, तुझी ड्युटी सुरू." ड्युटीच आहे. इथे घराघरात हाच हिशेब, मुलीकडचे तीन महिने, मग मुलाकडचे तीन महिने. समोर नाशिकच्या आजी, कोपऱ्यावर हैदराबादचे आजोबा. सकाळी दहाला आम्ही सगळे बाबागाड्या (यापुढे बा.गा.) घेऊन रस्त्यावर.
विहीणबाई आणि व्याही नागपूरहून २७ मेला येणार. तोवर मी. मधले फक्त १० ते १८ मे माझे स्वतःचे. फ्रान्स, पुण्याच्या मैत्रिणींबरोबर चालायला. तेव्हा जावयाने, केदारने, रजा घेतली आहे, सगळं ठरलेलं आहे. पासपोर्टात आयर्लंडचा आणि फ्रान्सचा, दोन्ही व्हिसे. रोज एकदा उघडून बघते. वेड्यासारखं.

१२ मार्च, गुरुवार
मैत्रीण नलूने पुण्याहून फ्रान्सच्या वाटेचा नकाशा पाठवला. लायब्ररीत जाऊन प्रिंट काढली आणि बटर पेपरवर ट्रेस करायला बसले. मृ. हसली. हसू दे. भूमापन कार्यालयात एकतीस वर्षं लोकांचे बांध ट्रेस केले, वहिवाटीचे रस्ते काढले. त्यातल्या एकाही वाटेवर मी चालले नाही.
जंगल, मग तळी. मोजली, लहानमोठी सतरा. मध्ये गावं, दगडी वेशी, जुनं देऊळ म्हणजे चर्च, छपराखाली कपडे धुवायचा चौथरा. चढ जवळजवळ नाहीच. नलू म्हणते, "विजे, हा आपल्या टेकडीचा अपमान आहे." असेल. माझ्या गुडघ्यांना मानवेल.
टेकडी-मंडळ म्हणजे आम्ही सात जणी. ह्यांच्या आजारपणात तीन वर्षं मी टेकडी चढले नाही. मग ते गेले. त्यानंतर पहिल्या दिवशी पायथ्याशी गेले तर सहाही जणी थांबलेल्या. सगळ्या चालायला लागलो.

१९ मार्च, गुरुवार
सराव. कालव्याच्या काठाने पुढच्या पुलापर्यंत आणि परत, पुढे बा.गा., पाठीवर सॅक, सॅकेत पाच किलो तांदूळ. शेजारची ब्रीडा तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याबरोबर भेटली. सत्तरीची, रोज येते. तिने विचारलं, पळून चाललीस का? मी म्हटलं, फ्रान्सला. म्हणाली, "फेअर प्ले टु यू." मृ. ला विचारलं, म्हणजे शाबास.
उद्यापासून सात किलो.

२८ मार्च, शनिवार
डब्लिन-पॅरिसचं तिकीट काढायला के. बसला. पासपोर्ट मागितला. पानं पुन्हा पुन्हा उलटली. मग, "आई, हा सिंगल एंट्री आहे."
मला वाटलं फ्रान्सचा. नाही, इथलाच. आयर्लंडमध्ये एकदाच येता येतं, ते मी येऊन बसले आहे. फ्रान्सला गेले तर परत इथे येता येणार नाही, तिथूनच सरळ पुणे. आम्ही सगळे शिकलेसवरलेले. युरोप म्हणजे युरोप, असं धरून चाललो. सहा महिने मी अर्ज भरत होते, एकानेही तो एक शब्द वाचला नाही. मी तर नकाशावरची मुंगीएवढी अक्षरं वाचणारी बाई.
म्हणजे गेले तर १९ पासून ओवीला कोण? विहीणबाई २७ ला. मृ. ५ मेला ऑफिसात रुजू होणार. पाळणाघरात सप्टेंबरशिवाय जागा नाही.
मृ. म्हणाली, "अरेरे." के. म्हणाला, "काय करायचं आई?"
मी म्हटलं, "बघू. एवढं काही नाही त्यात."
का म्हटलं असं?

२९ मार्च, रविवार
दिवसभर वाट बघितली. कोणीतरी म्हणेल, आई तुम्ही जा, आम्ही करतो काहीतरी. मी दोनदा नाही म्हणाले असते, तिसऱ्यांदा हो. आमच्याकडे असंच असतं.
कोणी पहिल्यांदाही म्हटलं नाही. रात्रीच्या जेवणाला मृ. ने माझ्या आवडीची भरली वांगी केली, म्हणजे विषय मिटला.

६ एप्रिल, ईस्टर सोमवार
के. म्हणाला, "आई, तळंच हवं ना? आपल्याकडे पण आहेत." नावन गावाच्या बाजूला घेऊन गेला. पाऊण तास गाडी, पंधरा मिनिटं पार्किंग. तळं छान होतं, उगाच कशाला नावं ठेवू. झाडांना नुकती पानं, बदकं, दोन हंस. पण वाट तळ्याला वळसा घालून पार्किंगलाच येते. एक फेरी, दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला ओ. ची झोपेची वेळ. तळ्याभोवती कुंपण आणि कुंपणाभोवती आम्ही.
एका बाजूला जंगलात जाणारी पायवाट दिसली. "कुठे जाते रे ही?" के. ने फोनमध्ये बघितलं. "आठ किलोमीटरवर जुनं गाव आहे. पुढच्या वेळी जाऊ." केदार भला मुलगा आहे. तो वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

१४ एप्रिल, मंगळवार
व्हिडिओ कॉलवर विहीणबाई. २४ मेला त्यांच्या पुतण्याचं लग्न, त्याआधी येणं शक्यच नाही. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. वर, "तुम्ही आहे ना तिथे, मग आम्हाला कायचंच टेन्शन नाही."
मी हसले. आजकाल हसणं फार सोपं जातं.

१७ एप्रिल, शुक्रवार
पाऊस. बाहेर नाही.

१८ एप्रिल, शनिवार
पाऊस. जिना वीस वेळा चढले-उतरले, ओ. कडेवर. तिला वाटलं खेळ आहे.

२३ एप्रिल, गुरुवार
नलूचा फोन. हॉटेलांना नावं पक्की कळवायची आहेत. "विजे, तुझं पक्कं ना?"
म्हटलं, "पक्कं."
इथे सगळ्यांना वाटतं मी रद्द केलं. तिथे सगळ्यांना वाटतं मी येते. ते एक "पक्कं" सोडलं तर खोटं कोणाशीच बोलले नाही, फक्त दोन्हीकडे मूग गिळून बसले. राग येतो. मृ. चा येतो, मग स्वतःचा येतो, मग ओ. हात पसरून येते आणि कोणाचाच धड करता येत नाही.
खरं लिहू? मला जायचंय. कोणाच्या पोळ्या, कोणाची औषधं, कोणाची झोप डोक्यात न ठेवता आठ दिवस नुसतं चालायचंय. एकसष्ट संपेल आता.

२ मे, शनिवार
व्हायचं ते झालं. मी ओ. ला आंघोळ घालत होते, टॅबवर नलूचा फोन, मृ. ने घेतला. नलूचा आवाज टेकडीच्या या टोकाचा त्या टोकाला जातो. "अगं, विजूला सांग रेनकोट आठवणीने घे म्हणावं. आणि तिला खिडकीकडची खाट ठेवलीये."
मृ. न्हाणीघराच्या दारात. "तू चाललीयेस?"
"नाही."
"मग मावशीला का नाही सांगितलंस?"
मी टॉवेल मागितला. तिने दिला. मग म्हणाली, "तुला जायचं असेल तर जा की. मी कुठे म्हटलं राहा?"
"राहा नाही म्हणालीस, जा तरी कधी म्हणालीस?"
ओ. रडायला लागली. बरं झालं.

३ मे, रविवार
घरात सगळे एकमेकांना "चहा?" "हो" एवढंच. के. दोन तास गाडी धूत होता. गाडी स्वच्छच होती.

४ मे, सोमवार (बँक हॉलिडे)
सकाळी मृ. वरच्या प्रेसमधून (कपाटाला आता प्रेसच म्हणते) उद्यासाठी डबा काढत होती. पाठ माझ्याकडे. म्हणाली, "रजा वाढवायची तर ऑफिसला महिनाभर आधी लेखी द्यावं लागतं."
मला कळेना, आत्ता हे कशाला.
"के. ने तुला अठ्ठावीस मार्चला सांगितलं. तेव्हा पाच आठवडे होते. त्या दिवशी तू एक वाक्य बोलली असतीस तर मी आजही घरी असते, जूनपर्यंत. पगार नाही मिळाला असता, चाललं असतं. आई, मी तुला विचारलं, काय करायचं. तू म्हणालीस, एवढं काही नाही त्यात."
"विचारलं केदारने."
"बरं, केदारने."
मग वळली. डोळे लाल. "बाबांच्या वेळीही हेच. टेकडी सोडलीस तेव्हा म्हणालीस, कंटाळाच आला होता. मी विश्वास ठेवला. मी पंचवीस वर्षांची गाढव, मी विश्वास ठेवला. मला कसं कळायचं गं? तू सांगायचं नाहीस, आम्ही ओळखायचं, आणि नाही ओळखलं की तू हसायचं."
मला वाटत होतं ती मला अडकवून ठेवते आहे. कुलूप माझ्याच हाताने लावलं होतं, तेही पाच आठवडे आधी. डबा पुसून दिला.

५ मे, मंगळवार
मृ. चा पहिला दिवस. दारात ओ. ला घट्ट धरून उभी, बस चुकवली, दुसऱ्या बसने गेली. ओ. दिवसभर दाराकडे बघत होती. मीही.
कालव्यावर ब्रीडाला सगळं सांगितलं, मोडक्या इंग्रजीत. ती ऐकत राहिली. तिची आई म्हणे शेवटपर्यंत "आय'म ग्रँड, आय'म ग्रँड" (म्हणजे मी अगदी ठीक आहे) म्हणत होती, ऑपरेशनला नेतानासुद्धा. पुढे म्हणाली, "शी वॉज नॉट ग्रँड अ‍ॅट ऑल."

७ मे, गुरुवार
जेवण झाल्यावर मृ. ने कागद घेतला, सहा चौकोन आखले. १९, २०, २१, २२, २५, २६, विहीणबाई येईपर्यंतचे कामाचे दिवस. पट्टी न लावता आखले, वाकडे. मला राहवेना पण गप्प बसले.
म्हणाली, "आई, आता मी विचारते. तू फ्रान्सला जाणार?"
मी मान अशी काहीशी हलवली.
"मानेने नाही. तोंडाने."
के. पाण्याचा ग्लास हातात धरून तसाच. मी आधी म्हटलं, ओवीचं कसं. म्हणाली, ते मी विचारलं नाही. मग म्हटलं, तुझी नोकरी नवी सुरू. तेही विचारलं नाही, म्हणाली. साहेबासमोर बदली मागणं याहून सोपं होतं.
"मला जायचंय."
आकाश कोसळलं नाही. ओ. ने चमचा खाली टाकला.
के. ने १९ आणि २० वर आपलं नाव लिहिलं, घरून काम करीन म्हणाला, होईल तसं. २५-२६ ला ब्रीडाला विचारायचं. २१-२२ मोकळे. त्या दोन चौकोनांकडे आम्ही तिघे बघत बसलो.

८ मे, शुक्रवार
ब्रीडा हो म्हणाली. सोमवार-मंगळवार, कुत्र्यासकट. २१-२२ अजून मोकळेच. विमान रविवारी सकाळी, तिकीट के. ने काल रात्रीच काढलं, परतीचं पॅरिसहून पुण्याला. गेले तर ओवी पुन्हा दिसेल तेव्हा चालत असेल, बोलतही असेल, आणि बहुधा इंग्रजीत. सॅक काढून पलंगावर ठेवली आहे, भरली नाही. दोन दिवस लोंबकळत ठेवून कसं निघायचं? सकाळपासून तीनदा जिन्यापर्यंत गेले, सांगायला, की राहू दे, नाही जात. तीनदा परत आले. एकदा बोललेलं मागे घेतलं तर ही मुलगी पुन्हा माझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवेल?
मृ. आज घरून काम करते आहे. आत्ता खाली साहेबाला फोन चालू आहे, आवाज वर येतो. तिचं ऑफिसातलं इंग्रजी, आयरिश वळणाचं, मला निम्मं कळतं. दोन दिवस मागते आहे. रुजू होऊन चार दिवस झाले आणि रजा मागते आहे. तिकडून विचारलं असावं, घरी कोणी आजारी आहे का.
"नो," मृ. म्हणाली. "नोबडीज सिक. माय मदर इज गोइंग वॉकिंग."
मी उठून रेनकोट सॅकेत ठेवला. पलीकडचं बोलणं इथवर ऐकू येत नाही.