समोरच्या घरची भोपळ्याची बिअर

मी, ॲडेल मॅरिएटा पिंकहॅम, ऑर्विल पिंकहॅम यांची पत्नी, हायस्कूल पास, धंदा घरकाम, राहणार ईस्ट हार्लो, व्हरमाँट, देवाला स्मरून लिहून ठेवते की माझे शरीर थकले असले तरी डोके ठिकाणावर आहे. कोणी शिकवलेले किंवा धमकावलेले यात काही नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फार गुळमुळीत लिहिले होते.

१. राहते घर माझ्या वडिलांकडून मला आलेले आहे. ते पती ऑर्विल यांनी हयातभर वापरावे, त्यांच्या पश्चात आमची मुलगी प्रिसिला हिला मिळावे. छपराची पन्हळ दर शरदात साफ करावी. ऑर्विल करणार नाही, म्हणून लिहिले.

२. बँकेतली शिल्लक प्रिसिलाला. ती घरखर्चातून मागे पडलेली आहे. त्यातून कोणाच्या नावाचा दगडी बाक वगैरे बसवू नये. माझे बायबल चर्चला द्यावे, समासातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नयेत.

३. शिलाईचे मशीन, कात्र्या आणि लोणच्याच्या बरण्या प्रिसिलाला. मोठी बरणी झाकणाशी तडकली आहे, फेकू नये, बटणांना चालते.

४. आता भोपळ्याची वाडी. हे कलम लांब आहे, वकीलसाहेबांनी सांगूनही मी कमी केलेले नाही.

रस्त्यापलीकडे माझी थोरली जाऊ जिनीव्हा राहते, ऑर्विलच्या भावाची, लेस्टरची विधवा. ती दर शरदात भोपळ्याची बिअर करते. लेस्टर गेला त्या वर्षी ती म्हणाली, आता बंद करते, माझ्या ओव्हनमध्ये एक भोपळा धड मावत नाही. मी तोंड उघडण्याआधी ऑर्विल बोलला, "हात्तिच्या! ॲडेल भाजून देईल की!"

तेव्हापासून ॲडेल भाजून देते. कोरून दिवे करायचे मोठे भोपळे या कामाचे नाहीत, त्यात पाणी आणि दोरे. 'पाय' नावाच्या गोड पदार्थासाठी वापरतात ते लहान, घट्ट गराचे लागतात. ते मी लावते, मी चिरते, कडेला साखर काळपट होईपर्यंत भाजते, गर टोपात भरते. ऑर्विल ते टोप दोन्ही हातांनी धरून रस्ता ओलांडतो, जसे काही आत मूल झोपले आहे. पुढे जिनीव्हा मोड आणून वाळवलेल्या सातूत तो गर शिजवते, दालचिनी, जायफळ, लवंग घालते आणि नाव कमावते.

चर्चमधल्या सुगीच्या जेवणानंतर शनिवारी संध्याकाळी तिच्या ओट्यावर पहिले पिंप फोडतात. मी जात नाही. दारूला न शिवण्याची शपथ मी लहानपणी वेदीपुढे घेतली आहे आणि ती माझ्याबरोबर जाईल. पण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो ओटा दिसतो. ऑर्विल त्या दिवशी आपण होऊन धुतलेला शर्ट घालतो. प्रार्थनेला जाताना त्याच शर्टासाठी मला तीनदा सांगावे लागते. जिनीव्हा ग्लासाच्या काठाला साखर-दालचिनी लावते, आणि तो परत येतो तेव्हा ती साखर त्याच्या मिशीला असते.

मी एकदा प्रिसिलापाशी बोलले. ती म्हणाली, "मम्मी, काकू एकटी असते गं."

"शनिवारी संध्याकाळी मी कोणाबरोबर असते?" मी विचारले. तिने विषय बदलला.

एका वर्षी वेलांवर भुरी पडली, त्यावर लवकर हिम पडले. एकही भोपळा हाती लागला नाही. पिंप फोडायच्या शनिवारी दुपारी जिनीव्हा मागच्या दाराने आली. "ॲडेल, कोणाला बोलू नकोस हं. यंदा बिनभोपळ्याचीच केलीये. नुसता मसाला."

त्या रात्री ऑर्विल मिशी पुसत घरात शिरला. "अगं, यंदाचा भोपळा काय उतरलाय! असा कधी झाला नव्हता!"

खरे सांगितले असते तर तो हसला असता आणि म्हणाला असता, मग तुझ्या भोपळ्याची गरजच काय? ते मला ऐकायचे नव्हते. एक रिकामा ग्लास त्याने खिशात घालून आणला होता. धुण्याआधी मी हुंगला. जायफळ आणि लवंग, बस्स. ऑर्विल, हे वाचले जाईल तेव्हा तुला कळेल. हसायचे असेल तर हस, मी तिथे नसेन.

सबब ही वाडी आणि बियांचा डबा मी जिनीव्हा पिंकहॅम हिला देते. अटी अशा: भोपळे तिने लावावेत. भाजणे माझ्याच ओव्हनमध्ये, त्याच्या कुरकुरणाऱ्या दारासकट, तिने स्वतः उभे राहून करावे. चिरणे आणि बिया काढणे ऑर्विलने करावे, म्हणजे काय भाव पडतो ते दोघांच्या हातांना समजेल. बिअर तिच्या ओट्यावर प्यायची नाही. माझ्या स्वयंपाकघरात, मोठा दिवा लावून, पडदे उघडे ठेवून, चहाच्या मगांतून प्यावी. काठाला साखर लावू नये.

५. माझ्या पश्चात ऑर्विलने जिनीव्हाशी लग्न करू नये अशी अट मला घालायची होती. वकीलसाहेब म्हणाले, कोर्ट अशी अट मानेलच असे नाही. म्हणून अट घालत नाही. इच्छा लिहायला कोर्टाला विचारावे लागत नाही. माझी इच्छा: करू नये.

६. या मृत्युपत्राचा अंमल प्रिसिलाने करावा आणि कलम चार मोठ्याने वाचावे.

सहीपूर्वी माझ्या हाताने वाढवलेला मजकूर: दुसरा साक्षीदार हवा, असे वकीलसाहेबांनी म्हणताच ऑर्विल कोटही न घालता समोर धावला, आणि अर्थातच तिलाच घेऊन आला. तिने पेन उचलले. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, तुमची सही चालणार नाही. ज्यांना काही मिळतं, त्यांनी साक्ष करायची नसते."

जिनीव्हा माझ्या पलंगाच्या कडेला बसली. "मला? ॲडेल, मला काय दिलंस गं?" आणि डोळे पुसू लागली.

"रडू नकोस," मी म्हटले. "काम दिलंय."

मग ऑर्विलला शेजारच्या हॉलिसला आणायला पाठवले.

सही: ॲडेल मॅरिएटा पिंकहॅम

आमच्यासमक्ष सही झाली, आम्हाला यातून काही मिळत नाही:
युनिस थेअर, चर्चच्या ऑर्गनवादक
हॉलिस ग्रीली, शेजारी

ईस्ट हार्लो, व्हरमाँट
९ ऑक्टोबर २०१३