बाहुल्या मरणपंथाला लागल्याचा दाखला

चि. धाकटोबास ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनी सांगत होत्या की तू हल्ली जिना चढताना कठडा धरतोस. धर. कठडा त्यासाठीच असतो. माझी तब्येत ठणठणीत. सुईचं नेढं तेवढं दिसत नाही, म्हणून ब्लाउज शिवायला टाकायला आलेल्या बाईकडूनच दोरा ओवून घेते. (मजुरी कमी करत नाही.) फोनवर तू दोन मिनिटांत ‘बरं, ठेवू का?’ म्हणतोस, म्हणून पत्र लिहितेय. पत्राला तसं विचारता येत नाही.

तर झालं असं. वाचनालयामागची आपली खोली, जिथे आप्पांनी बाहुल्यांचा खेळ सुरू केला आणि जिथे मी अजून दर रविवारी संध्याकाळी त्या लाकडी खानदानाला नाचवते, ती नगरपालिकेची आहे हे आपण विसरलो होतो. नगरपालिकाही विसरली होती, तोवर सुख होतं. गेल्या महिन्यात तिला आठवलं. एक माणूस टेप घेऊन आला, त्याने भिंती मोजल्या, खिडकी मोजली, भरात येऊन आप्पांच्या राजाचीही उंची मोजून वहीत टिपली, आणि म्हणाला की पुढच्या महिनाअखेर इथे व्यायामशाळा येणार. खोली राखायची असेल तर सांस्कृतिक विभागाचं मान्यतापत्र आणा.

मला वाटलं, बरंच झालं, सरकारला आपली आठवण आहे. पेटीतली बरी साडी काढली आणि गेले. विभागाची इमारत चार मजली. तीन मजल्यांवर संस्कृतीचं धोरण ठरतं आणि चौथ्यावर त्या श्रमांसाठी उपाहारगृह आहे. कला कितव्या मजल्यावर, असं दरवानाला विचारलं, तर तो बिचारा गोंधळला. म्हणाला, ‘कलेचं इथे काही नसतं हो मावशी. इथे फक्त योजना.’

योजनांच्या खिडकीतले साहेब सज्जन निघाले. (सदरा दुसऱ्याच्या मापाचा होता, पण त्यात त्यांचा काय दोष?) त्यांनी समजावून सांगितलं की दोन योजना आहेत. एक नवजात कलांसाठी. कला पाच वर्षांच्या आतली हवी. आपल्या राजाचं वय पासष्ट, तेव्हा तो दुपट्यात बसेना. दुसरी, मरणपंथाला लागलेल्या कलांसाठी.

‘तुमची कला मरणपंथाला लागली आहे का?’ त्यांनी विचारलं.

‘छे हो, चांगली धडधाकट आहे. रविवारी उभं राहायला जागा नसते.’

‘अरेरे,’ साहेब म्हणाले, आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसा आवाज खाली आणला. ‘मग कठीण आहे. जन्माला आम्ही आहोत, मरणाला आम्ही आहोत. मधलं तेवढं तुमचं तुम्ही बघायचं.’

तरी आशा सोडू नका म्हणून त्यांनी मरणाचा फॉर्म दिला. अकरा पानी, तीन प्रती, कागद मात्र असा जाड आणि पांढराशुभ्र की हात फिरवत राहावं. त्यात रकाने होते: शेवटचा प्रेक्षक कधी आला होता? कला बंद पडण्याचा अंदाजे दिनांक? स्थानिक जनजीवनात कलेमुळे झालेला सकारात्मक बदल, टक्क्यांत? (आपले निवृत्त पोस्टमनकाका एरवी कोणाशी धड बोलत नाहीत आणि रविवारी हसतात, म्हणून चाळीस टक्के लिहिलं.) शेवटी अट अशी की पुढच्या रविवारी निरीक्षक खेळाला येतील, तेव्हा प्रेक्षक बाराच्या वर नसावेत आणि जे असतील ते उत्साही आढळू नयेत.

आता आली का पंचाईत? आप्पांनी जन्मभर लोकांना ‘या, बसा’ म्हटलं, आणि मी दारोदार फिरून ‘येऊ नका’ सांगत सुटले. पोस्टमनकाकांनी तर तोंडच फिरवलं. ‘पंचवीस वर्षं पहिल्या रांगेत बसलो, त्याचं हे फळ!’ मग विचार करून म्हणाले, ‘पण मी आलोच नाही, तर कोणी आलं नाही हे साहेबाला सांगणार कोण?’ समोरची इस्त्रीवाली म्हणाली, ‘ताई, निर्धास्त राहा, गल्लीतलं एक माणूस फिरकू देणार नाही,’ आणि माझ्या पुढ्यात सगळ्यांना शपथा घातल्या.

रविवारी त्रेपन्न माणसं आली.

मला मदत करायला आली होती रे ती! नुसतं न येण्याने काय होणार, तिथे बसून कंटाळून दाखवलं पाहिजे, असं इस्त्रीवालीने त्यांना पढवलं होतं. कोणी आधीच जांभया देत होतं, कोणी भिंतीकडे तोंड करून बसलं होतं, पोस्टमनकाका तर घरून उशी घेऊन आले. मधोमध निरीक्षक, मांडीवर वही, बाजूला पाण्याची बाटली. एवढ्या माणसांनी एवढ्या मनापासून कंटाळलेलं त्यांनी नोकरीत पाहिलं नसावं. खूश दिसले.

मीही माझ्याकडून कसूर केली नाही. मुद्दाम वाईट खेळ करायचा, असं ठरवूनच पडद्यामागे गेले. राणीची वाक्यं राजाला दिली, राजाची प्रधानाला, मध्येच खोकले. सगळं छान पडत चाललं होतं, आणि राजाचं नाक निखळलं. (डिंक गेल्या वर्षीचा होता.) ते टणटणत गेलं ते थेट निरीक्षकांच्या बुटापाशी थांबलं. आणि माझी ही जीभ! तुला ठाऊकच आहे. राजाच्या तोंडून बोलून गेले, ‘साहेब, तेवढं नाक उचलून द्या हो, तुमच्या खात्याकडे आणखी काही मागत नाही!’

काकांनी उशी तोंडात कोंबली, तरी फुटले. मग सगळी खोली फुटली. निरीक्षकांनी ओठ आवळले, छताकडे पाहिलं, पाणी प्यायला गेले आणि ते नाकातून बाहेर आलं. शेवटी वहीवर डोकं टेकून ते गदगदा हलत होते. मला वाटलं, आता यांच्याच मरणपंथाचा फॉर्म भरावा लागतोय.

खेळ संपल्यावर डोळे पुसत पडद्यामागे आले. शेरा लिहून झाला होता: ‘निरीक्षकासह उपस्थित सर्व हसले. कला जिवंत असल्याने अपात्र.’

‘बाई, थोडं तरी वाईट करायचं होतं हो,’ ते कळवळून म्हणाले.

‘केलं होतं,’ मी म्हटलं. ‘हेच ते.’

माणूस चांगला आहे. जाता जाता म्हणाले, कलम चौदाखाली एक वाट आहे. मग व्याह्यासारखे दाराशी दोनदा वळले, आणि पुढच्या रविवारी सहकुटुंब आलं तर चालेल का, असं विचारून गेले.

बाकी इकडे क्षेम. वहिनींना सांग, त्यांच्या परकराला नाडी घालून ठेवली आहे. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
ताई

ता. क. कलम चौदा असं: कला कितीही जिवंत असो, घरातल्या वारसाने ती सोडली असेल आणि ‘मी सर्व विसरलो आहे, परत येणार नाही’ असं स्वहस्ते लिहून दिलं, तर ती मरणपंथाला लागली असं सरकार समजतं. मग मान्यतापत्रही मिळतं आणि खोलीही राहते. आपल्या घरात असा वारस तू एकटाच. फॉर्मची शेवटची प्रत सोबत जोडली आहे. सही करून महिनाअखेरीच्या आत पाठव.

ता. क. दुसरा. ‘सोडण्याचे कारण’ असा एक रकाना आहे. तिथे नोकरी लिही. मी भर खेळात तुझ्या राक्षसाला ‘हा राक्षस आहे की कारकून?’ म्हणाले आणि ते पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं, हे लिहू नकोस. (तू मनाला लावून घेऊन खरोखरच कारकून झालास, हे तर मुळीच नको.) तो शब्द मी मागे घेते. एकोणीस वर्षं लागली, पण सरकारी माणसाला एवढा उशीर समजून घेता यायला हवा. तू गेल्यापासून राक्षस बोलत नाही. मौनव्रत धरलंय म्हणून लोकांना सांगते. दुसरा आवाज लावून पाहिला होता, काका उठून घरी गेले.

ता. क. तिसरा. फॉर्म पाकिटात शोधू नकोस, सापडणार नाही. कागद फार चांगला होता, त्यावर राक्षसाच्या नव्या अंगरख्याचं कटिंग बेतलं. खोली जाईल तर जाईल, इस्त्रीवालीने मागचं अंगण देऊ केलंय. बाही मात्र अजून कापली नाही. राक्षस हात किती उंच नेतो, ते माप तुझ्याच खांद्याला ठाऊक. रविवारी पाचला खेळ असतो. अंगणाला तीन पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. मी उभी राहीन.